हेडसेटमधली मेंढरं

१

साखर कारखान्यातल्या मिलला काय दुखतं खुपतं, ते बिभीषणला नुसत्या आवाजावरून कळायचं. रोलर जरा कण्हला तरी हा हातातला चहा टाकून उठायचा. कानात घालायला बोळे मिळत होते, पण ते उभ्या नोकरीत त्याच्या खिशातून बाहेर आले नाहीत. "कान बुजवून बसलो तर मशीन काय म्हणतीय ते कळायचं कसं?" असा त्याचा सवाल. मशीन काय म्हणते ते त्याला शेवटपर्यंत कळलं. माणसं काय म्हणतात ते मात्र कळेनासं झालं.

निवृत्त होऊन तो जळकोटला घरी बसला तेव्हा कानात फक्त रातकिडे उरले होते. दिवसरात्र किर्रर्र. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा आणि त्यात इतका तरबेज झाला होता की पाहुण्यारावळ्यांना पत्ता लागत नसे. दाट मिशांच्या माणसाशी तेवढं त्याचं जमत नसे.

अक्षदा ही त्याची एकुलती एक लेक. शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होती. धाराशिवच्या पलीकडं माळावर धावपट्टी होती आणि तिथं रणधीर सरांची लहानशी शाळा होती. "बिराप्पाची नात मेंढरं सोडून ढगं राखाया गेली," असं गावात लोक हसून म्हणायचे, आणि बिभीषणच्या छातीत ते ऐकून, म्हणजे बघून, गार वाटायचं.

एका रविवारी ती घरी आली होती. बिभीषणच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, चुलीपासून दोनदा हाक मारली, पण पोरीनं मान वर केली नाही. बिभीषणनं ते पाहिलं. ते तसं मान वर न करणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"कान वाजतेत का ग?"

अक्षदानं आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, "उतरल्यावर थोडा वेळ. रातकिडे बसल्यासारखे. जातात नंतर."

"माझं बी जायचं," बिभीषण म्हणाला. "आधी आधी."

पुढच्या महिन्यात तिची वैद्यकीय तपासणी होती. त्यात कानांची परीक्षा होती. कान नापास झाले की विमान कायमचं सुटणार. तिचा हेडसेट एका जुन्या विद्यार्थ्याकडून आलेला होता. गाद्या तडकलेल्या, पट्टी सैल, आणि समोर दोन हातांवर धडाडणारं इंजिन. चांगला नवा हेडसेट नोकरी लागल्यावर घेईन, असं ती म्हणत होती.

"दे हिकडं," बिभीषण म्हणाला.

२

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं हेडसेट उघडला. कानावरच्या वाट्या म्हणजे नुसतं पातळ प्लॅस्टिक, आत चिमूटभर स्पंज. "ह्यापरीस डब्याची झाकणं बरी," असं म्हणून तो कामाला लागला.

हायवेवरच्या गॅरेजातून त्यानं गाडीच्या दारात आतून लावतात ती काळी, जड डांबरी पट्टी आणली आणि कापून दोन्ही वाट्यांना आतून चिकटवली. वायर आत शिरते तिथली फट सिलिकॉननं बुजवली. सायकलच्या सीटवरची जेलची गादी फाडून तिच्या गोल चकत्या केल्या, म्हाळसाबाईनं त्यांना मऊ रेक्झिनची खोळ शिवून दिली. राहिली आतली पोकळी. कापूस भरून पाहिला, तो दबून गोळा झाला. सोफ्याच्या फोमनं वरचा शिट्टीसारखा आवाज अडत होता, पण खालचा दणका आत येत होता. दणकाच तर कान खातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग त्याला ट्रंकेतली घोंगडी आठवली.

ती त्याच्या वडिलांची, बिराप्पांची. म्हातारा काटक होता, सारा जन्म मेंढरांमागं गेला. एका पहाटे माळावर, घोंगडी पांघरून झोपला होता तो उठलाच नाही. ती घोंगडी खरं तर त्यांच्याबरोबर जायची होती. बिभीषणला ते करवलं नाही. त्यानं ती घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि त्याबद्दल कुणाशी बोलला नाही. आवाज गिळायला मेंढराच्या लोकरीसारखं दुसरं काही नाही, हे लहानपणी घोंगडीत डोकं खुपसून झोपलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हाळसाबाईनं त्याच्या हातात कात्री बघितली आणि ती दारातच थांबली.

"अवं, घोंगडीला कात्री लावत असतेत व्हय? फाटली तर ठिगळ लावतेत. कापत न्हाईत कुणी आपल्यात."

"पोरीच्या कानापरीस मोठी हाय का घोंगडी?"

"मोठी-ल्हान न्हाय म्हणत म्या. पर त्येंची हाय ती."

"मग नातीलाच तर द्यायलेत की," बिभीषण म्हणाला आणि कात्री चालवली. जुनी, राठ, खळ घातलेली घोंगडी. कात्री अडेल असं त्याला वाटलं होतं. ती लोण्यात शिरावी तशी शिरली आणि शेडभर मेंढरांचा वास सुटला. ट्रंकेत इतकी वर्षं डांबरगोळ्यांत राहिलेल्या कापडाला तो वास यायला नको होता. पण कामाच्या नादात माणूस असल्या गोष्टींकडं बघत नाही.

३

बिघाड शोधायला बिभीषण पटाईत, पण आवाज किती कमी झाला हे मोजायला त्याचे कान काय कामाचे? म्हणून भर दुपारी अंगणात त्यानं कडबा कुट्टीचं मशीन चालू केलं, शेजारी बाजेवर म्हाळसाबाईला बसवलं आणि पदरावरून तिच्या कानांवर हेडसेट चढवला. "चला बाई, मुंबईला न्या," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम शांत झाला.

"लई गार वाटतंय ओ कानाला."

थोडा वेळ गेला. बिभीषण मशीनमध्ये कडबा सारत होता. बघतो तर म्हाळसाबाईनं हेडसेट काढून मांडीवर ठेवला होता आणि ती उठून रस्त्याकडं मान लांब करून बघत होती. मग ती त्याच्याकडं वळली.

"मेंढरं कुणाची आली?"

रस्ता पांढराफटक होता. उन्हानं कुत्रंही बाहेर नव्हतं.

"कुठं हायत मेंढरं?"

"चरतेत की. करकर करकर. घुंगरू बी वाजलं."

बिभीषण हसला. कुट्टीत कडबा तुटतोय, तो आवाज लोकरीतून गाळून आला की मऊ होणार, चरल्यासारखा वाटणार. साधा हिशेब. त्यानं मशीन बंद केलं आणि हेडसेट स्वतःच्या कानांवर चढवला.

आधी एक झालं. त्याचे रातकिडे थांबले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. झोपेतसुद्धा न थांबणारी ती किर्रर्र बटण दाबावं तशी गेली, आणि आत अशी निवांत पोकळी झाली की बिभीषणचे डोळे भरून आले. अंगणात उभं राहून हा बाप्या रडू लागला तर बायको काय म्हणेल, म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

आणि मग त्या शांततेत त्याला चरणं ऐकू आलं.

लांबून नाही. अगदी शेजारून. खूप तोंडं, वाळकं गवत उपटणारी. एक हिसका, मग चावणं, मग दोन पावलं पुढं. मध्येच एखादं शिंकलं. मध्येच घुंगराचा एक ठोका. बिभीषणनं खाली पाहिलं. हेडसेटची वायर त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत होती. ती कशालाही जोडलेली नव्हती.

त्यानं हेडसेट काढला. रातकिडे. घातला. मेंढरं.

कानाचा दोष, तो स्वतःला म्हणाला. बहिऱ्या कानाला कधी गाणी ऐकू येतात, कधी पाणी पडल्यासारखं वाटतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आपण धनगराचं पोर, आपल्याला मेंढरं ऐकू येणार, त्यात नवल ते काय?

पण म्हाळसाबाईचे कान तर खणखणीत होते.

४

रणधीर सरांनी आधी स्वतः तो हेडसेट घालून दोन दिवस विमान उडवलं. रेडिओ साफ ऐकू येतो, माइक चालतो, पट्टी घट्ट बसते, हे सगळं तपासलं आणि मगच अक्षदाला वापरायची परवानगी दिली. बिभीषण स्कूटरवरून मुद्दाम गेला होता. सर मिश्या ठेवत नसत, त्यामुळं बोलणं छान झालं.

"काका, तुम्ही जादू केलीत. इंजिन शेजारच्या गावात चालू आहे असं वाटतं."

"आत आणिक काय ऐकू आलं का, सर?"

"काही नाही. तेच तर सुख आहे."

बिभीषणला हायसं वाटलं. पुढच्या रविवारी अक्षदा आली ती दारातूनच हसत. तिचे कान वाजायचे थांबले होते. आईनं मागून हळूच हाक मारली, ती गर्रकन वळली. म्हाळसाबाईनं त्या दिवशी पुरण घातलं.

जेवताना अक्षदा म्हणाली, "आबा, त्यात काय भरलंय हो तुम्ही? मला माळावर बसल्यासारखं वाटतं."

बिभीषणचा घास हातातच राहिला.

"मेंढरं चरताना ऐकू येतात. इंजिनच्या खाली, अगदी बारीक. मला आवडतं. भीती वाटत नाही. एकटी आहे असं वाटतच नाही."

कानाचा भास म्हणावं तर तिघांना एकच भास कसा? गप्प बसावं तर पोर तोंडाकडं बघतेय. लहानपणी बिराप्पांनी त्याला जे सांगितलं होतं तेच त्याच्या तोंडून गेलं. "मेंढरं चरतेत तवर काय भ्या नसतंय. रानात आमी त्याच आवाजावर झोपायचो. आवाजानं जाग येत न्हाय मेंढक्याला. चरायची थांबली की येतीय."

"थांबली की काय असतं?"

"सगळ्यांनी मान वर केली म्हणायचं. त्येंला कळालेलं असतंय, आपल्याला कळायचं ऱ्हायलेलं असतंय."

अक्षदानं ते मनावर घेतलं की नाही, कळलं नाही. ती पोळीवर तूप ओढत होती. मग सहज म्हणाली, "आणि मधूनच कुणीतरी खाकरतं. उजव्या बाजूला."

विमानात ती डावीकडं बसायची. उजवीकडं शिकवणाऱ्याची जागा.

"सर असतील की," म्हाळसाबाई घाईनं म्हणाली.

"हो, सरच असणार," अक्षदा म्हणाली. "पण सर बोलत असताना पण खाकरतं."

५

दुपारी पोर झोपली तेव्हा बिभीषण हेडसेट घेऊन शेडमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. त्यानं उजवी वाटी उघडली. लोकर कोमट होती. शेडच तापलंय, तो म्हणाला. मग त्यानं चिमट्यानं लोकरीचा थर उचलला आणि त्याच्या खालून एक कुसळ निघालं.

कुसळ लोकरीत असायचंच. घोंगडीत वाळकी कुसळं जन्मभर टोचत राहतात. पण हे हिरवं होतं. नखानं दाबल्यावर बोटाला ओल लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी, सगळा माळ करपलेला असताना, सिलिकॉननं बंद केलेल्या वाटीच्या आत.

बिभीषण खूप वेळ ते बोटावर घेऊन बसला. पत्रा कडकड वाजत असणार, त्याला ऐकू येत नव्हता. शेड नेहमीचीच होती. पान्हे खिळ्यांना लटकलेले, कोपऱ्यात डांबरी पट्टीची गुंडाळी. तरी त्याला पाठ दाराकडं करून बसवेना. तो सरकून भिंतीला टेकला.

दोन्ही वाट्यांतली लोकर त्यानं उपसून कागदात गुंडाळली आणि फोम भरला. पोरीला सांगितलं, गाद्या बदलल्या. बापाचं खोटं पोरींना कळतं, पण तिनं हेडसेट पिशवीत टाकला.

आठवड्यानं ती परत आली तेव्हा म्हाळसाबाईनं दिलेल्या हाकेला तिनं ओ दिली नाही. रातकिडे परत आले होते आणि या खेपेला ते उतरल्यावर जात नव्हते. तपासणी तोंडावर आली होती. अक्षदा ओट्यावर बसली होती, दोन्ही तळवे कानांवर दाबून, आणि तसं बसलेलं माणूस बिभीषणनं आरशात कितीदा पाहिलं होतं.

"काढलंत व्हय तुमी?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"भ्या वाटलं मला."

"मला बी वाटतंय. पर पोरीला भ्या वाटतंय का? न्हाय वाटत. मग तुमी कोण मधी पडणारं? कापताना माझं ऐकलं न्हाय, आता तरी ऐका. दिलेलं माघारी घ्यायचं नसतंय."

बिभीषणनं आयुष्यात बायकोचं ऐकल्याचे प्रसंग थोडे, हा त्यातला एक. त्यानं लोकर परत भरली. भरण्याआधी देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा तिच्यावर टाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "जे कोण असाल ते. लेकरू हाय. सांभाळा." आपला आवाज किती मोठा झाला ते त्याला कळलं नसणार, कारण अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

अक्षदा कानांच्या परीक्षेत पास झाली. डॉक्टरांनी शेरा मारला, उत्तम. त्या दिवशी बिभीषणनं गावात पेढे वाटले आणि कुणी विचारलं की म्हणायचा, "आमच्या आण्णांची कृपा." वडिलांना तो आण्णा म्हणत असे. लोकांना वाटायचं, म्हातारपणी माणूस हळवा होतो.

६

परीक्षेनंतर थोड्याच दिवसांनी अक्षदा एकटी उडणार होती. धावपट्टीवरून निघायचं, ढोकीच्या बाजूला उसाच्या फडांवरून जाऊन परत यायचं. सकाळची वेळ होती, वारा नव्हता. बिभीषण तारेच्या कुंपणाला धरून उभा होता. विमान गेलं तेव्हा त्याला जमिनीतून तळव्यांना थरथर लागली, तेवढाच त्याच्या वाट्याचा आवाज.

परत यायची वेळ अजून झाली नव्हती आणि आभाळात ठिपका दिसला.

बिभीषण डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. ठिपक्याचं विमान झालं. रणधीर सर त्याच्या शेजारून पळत सुटले, हातातला रेडिओ तोंडाशी. का पळतायत ते त्याला कळेना. विमान तर सरळ येत होतं, अलगद, पतंग उतरावा तसं. मग त्यानं पंख्याकडं पाहिलं. उडताना पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसती धुरकट चकती दिसते. त्याला पाती दिसत होती. एक वर, एक खाली. पंखा उभा होता.

त्यानं तार घट्ट धरली.

विमान कुंपणावरून आलं, इतकं खाली की काचेतून आतलं दिसावं. डावीकडं अक्षदा. मान ताठ, नजर समोर. आणि तिच्या उजवीकडं काहीतरी काळं. रुंद. डोक्यावर घोंगडीची खोळ घेतल्यावर दिसतं तसं टोक. ते समोर बघत नव्हतं. ते पोरीकडं वळलेलं होतं.

काच उन्हात चमकली. चाकं जमिनीला लागली, एकदा उडाली, पुन्हा लागली. विमान धावत गेलं आणि पट्टीच्या मध्यावर थांबलं.

बिभीषण धावला. या वयात, चपला टाकून. पोचला तेव्हा अक्षदा दार उघडून पंखाला टेकून उभी होती आणि रणधीर सर तिच्या दोन्ही खांद्यांना धरून काहीतरी विचारत होते. लेकीनं बापाला पाहिलं आणि लहानपणी पडल्यावर यायची तशी येऊन बिलगली. मग मागं सरून, त्याला दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाली, "आबा, चरायची थांबली."

"काय?"

"सगळं ठीक होतं. काटे ठीक, इंजिन ठीक. आणि एकदम ती थांबली. सगळी एकदम. तुम्ही म्हणाला होता ना? मी लगेच वळले. सरांना कळवलं आणि वळले. पट्टी दिसायला लागली, आणि मग इंजिन बंद पडलं. आणखी पुढं गेले असते तर…" मग ती म्हणाली, "थांबल्यावर कुणीतरी श्वास धरून ठेवला होता. माझ्या कानाशी. मी वळले तेव्हा सोडला."

७

मेकॅनिकनं तासाभरात कारण शोधलं. टाकीत हवा जायची जी बारीक नळी असते, तिच्यात खूप आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. बाहेरून दिसण्यासारखं नव्हतंच. हवा कोंडली, इंधन खाली उतरेना, इंजिन तहानलं. त्याआधी आवाजात काही फरक पडत नाही, मेकॅनिक म्हणाला. कानाला कळण्यासारखं काही नसतंच.

बिभीषणला ते पटलं. जन्मभर मशीनबरोबर राहिलेल्या माणसाला कारण सापडलं की बरं वाटतं. काळी सावली म्हणजे काचेवरचं ऊन. श्वास म्हणजे तिचा स्वतःचाच. त्यानं एकेक गोष्ट जागेवर बसवली आणि तो हेडसेट घ्यायला विमानापाशी गेला.

रणधीर सर आत वाकून उजव्या जागेकडं बघत होते. तिथला सीटबेल्टचा पट्टा लावलेला होता. बिभीषणच्या चेहऱ्यावर प्रश्न बघून ते म्हणाले, "मीच लावला होता, काका. रिकाम्या जागेचा पट्टा बांधूनच ठेवतात, मोकळा राहिला तर विमान वळवायच्या दांड्यात अडकतो. सीटवर गच्च आवळून बांधतात."

तो गच्च नव्हता. तो शेवटच्या टोकापर्यंत सोडलेला होता, आणि बकलचं कुलूप मात्र बसलेलं होतं.

सरांनी अक्षदाला हाक मारून विचारलं. "तू सैल केलास?" तिनं नाही म्हणून मान हलवली. सरांनी पट्टा धरून ओढला, मग हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

बिभीषण त्या पट्ट्याच्या पोकळीकडं बघत राहिला. मिलमध्ये शाफ्टची जाडी तो नजरेनं सांगायचा, माणसाचा घेर काय अवघड होता? आणि आण्णा काटकुळे होते. या पट्ट्यात तसे दोन आण्णा बसले असते.

घोंगडी पांघरून बसलं की माणूस रुंद होतो, त्यानं स्वतःला सांगितलं. जाड घोंगडी, वर खोळ. तेवढा घेर लागणारच. हिशेब बसत होता. जवळजवळ बसत होता.

८

घरी गेल्यावर म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतली उरलेली घोंगडी काढून उन्हात घातली. संध्याकाळी तिची नीट घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवली. "कोण का असंना," ती म्हणाली. "माझं लेकरू माघारी आणलं." तिनं घोंगडीवर डोकं टेकवलं. बिभीषणनंही टेकवलं. भीती होती, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या वर, दुधावर साय यावी तसा उपकार होता. त्या रात्री ती दोघं गाढ झोपली.

अक्षदाला पुन्हा एकटीनं उडायचं होतं. पुन्हा उडाल्याशिवाय पुढचा अभ्यास नव्हता. थांब म्हणायचा हक्क बापाला होता आणि बिभीषण ते म्हणायला म्हणूनच कुंपणाच्या आत गेला होता. पण पोर पंखाखाली वाकून ती नळी तपासत होती, दोनदा, तीनदा, आणि तिच्या गळ्यात तो हेडसेट होता. तिच्या चेहऱ्यावर जराही धास्ती नव्हती. तिचं मन मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

रणधीर सर उजव्या जागेचा पट्टा आवळायला आत वाकले. बिभीषण त्यांच्याजवळ गेला.

"सर, एक इनंती हाय. त्यो पट्टा लई आवळू नका."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांनी कुलूप बसवलं, पट्टा शेवटपर्यंत सैल सोडला आणि दांड्यात अडकणार नाही असा नीट बाजूला सारला. मग दार लावून मागं आले आणि बिभीषणच्या शेजारी उभे राहिले.

पंखा फिरू लागला. बिभीषणनं टोपी काढून हात जोडले. कुणाला, ते त्यानं ठरवलं नव्हतं, आणि ठरवायचं धाडसही नव्हतं. काचेपलीकडं अक्षदानं हेडसेट कानांवर नीट बसवला. रेडिओवर बोलली, ते त्याला ओठांवरून समजलं. मग तिनं मान उजवीकडं वळवली, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं, आणि तिचे ओठ पुन्हा हलले.

"बसलात का नीट?"

ती थोडी थांबली. मग हसून तिनं मान डोलावली आणि विमान पट्टीवर सोडलं.